अकारविल्हे पालखी

रत्नागिरीच्या रामआळीत, भांड्यांच्या एका दुकानावर, लाकडी जिना चढून गेलं की देवदत्त मुळ्ये यांचा क्लास लागत असे. पाटीवर 'मुळ्ये टंकलेखन व संगणक संस्था' असं होतं. त्यातलं 'व संगणक' १९९८ साली मागाहून घातलेलं, त्यामुळे ते भरल्या पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं अंग चोरून बसलं होतं. मुळ्ये सरांना ते रोज खुपायचं. पण जुनी पाटी धड होती, आणि धड वस्तू टाकायची पद्धत मुळ्यांच्या घरात नव्हती.

त्याआधीची वीस वर्षं त्यांनी गावाला टायपिंग शिकवलं. कोर्टातले आणि पंचायत समितीतले निम्मे कारकून त्यांच्या हाताखालून गेलेले. रस्त्यात सर दिसले की ते अजूनही खिशातले हात बाहेर काढत. सरांची शिकवण एकच. मजकूर बारशाचा असो की बाराव्याचा, समास सुटलाच पाहिजे. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नाची पत्रिका त्यांनी लाल शाईनं तपासून परत पाठवली होती. मेव्हण्यानं दुरुस्त्या केल्या नाहीत. सर लग्नाला गेले, पोटभर जेवले, पण ती पत्रिका त्यांनी कधी माफ केली नाही.

टाइपरायटरचे दिवस भरलेत हे त्यांना इतर क्लासवाल्यांच्या आधी कळलं, एवढं त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. पंचेचाळिशी उलटल्यावर ते कोल्हापूरला एका नातलगाकडे राहून डॉसवरचं फॉक्सप्रो हे माहिती साठवायचं सॉफ्टवेअर शिकून आले, दोन संगणक विकत घेतले आणि ते टाइपरायटरच्याच टेबलांवर मांडले. फॉक्सप्रोनंतर संगणकशास्त्रात आणखी काही घडण्याची गरज उरलेली नाही, असं त्यांचं तेव्हा मत झालं आणि ते टिकलं.

बिघडलं ते पुढे सहा वर्षांनी. समोरच्याच इमारतीत काचेच्या दाराचा, वातानुकूलित क्लास सुरू झाला आणि सरांची पोरं एकेक करून रस्ता ओलांडायला लागली.

"आपल्याकडे काय कमी आहे?" खिडकीत उभे राहून सरांनी विचारलं.

"काच," उमाकाकू म्हणाल्या.

उमाकाकू सरांच्या पत्नी, आणि संस्थेच्या हजेरीपासून झाडलोटीपर्यंत सगळ्याच्या प्रमुख. त्या कमी बोलत आणि ऐकलेलं विसरत नसत. दुसरा गुण सरांना नेहमी महाग पडायचा. त्यांची मुलगी आर्या पुण्यात असते. तिच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एक खोली आईबाबांसाठी रिकामी होती, आणि दर रविवारी फोनवर ती खोली थोडी अधिक हवेशीर होत असे. सर तिथं एकदा आठ दिवस राहून आले होते. सोसायटीच्या नोटीस बोर्डावरची नोटीस त्यांनी दुरुस्त केली म्हणून चेअरमन आर्याला बोलले. शिवाय पुण्यात भांडायला ओळखीचं माणूस नाही. रत्नागिरीत सर सकाळी वर्तमानपत्रवाल्याशी, दुपारी पोस्टात आणि संध्याकाळी भाट्याच्या पुलावर फिरायला येणाऱ्या मंडळींशी वाद घालत. ते सगळे वाद जुने आणि मुरलेले होते. अनोळखी माणसाशी वाद घालायचा तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि सरांचं वय आता पन्नाशीच्या पुढे होतं.

तरी एका रविवारी, फोन जरा जास्त लांबल्यावर, सर रागात बोलून गेले, "शिमग्यापर्यंत बघतो. तोपर्यंत एक तरी धड काम मिळालं नाही तर क्लासला कुलूप, आणि आम्ही पुण्याला येतो. कायमचे."

 दुसऱ्या दिवसापासून उमाकाकूंनी लोणच्याच्या चिनीमातीच्या बरण्या शेजारीपाजारी वाटायला सुरुवात केली.

"अगो, हे काय?"

"सातव्या मजल्यावर बरण्या घेऊन कुठं जाऊ? वाटेत फुटतील. आठवड्याला एक देत्ये. शिमग्यापर्यंत संपतील."

अशी पहिली बरणी खालच्या दमयंतीबाईंकडे गेली त्याच आठवड्यात संदेश कळंबटे काम घेऊन आला.

संदेश सरांकडे संध्याकाळच्या बॅचला शिकवायचा. आंबेकोंड या आतल्या गावचा, कुणब्याचा मुलगा. मुलुंडच्या एका कंपनीत दोन वर्षं प्रोग्रॅमर होता. कंपनी बुडाल्यावर परत आला तो इथंच रमला. सरांना नव्या तंत्रातलं जे कळत नसे ते त्याला कळायचं, आणि सरांना ते कळत नाही हे तो दाखवायचा नाही, म्हणून दोघांचं जमत असे.

"सर, वेब ॲप्लिकेशनचं काम आहे. आमच्या गावच्या मुंबई मंडळाचं."

गोष्ट अशी होती. शिमग्यात आंबेकोंडच्या ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. मुंबईच्या चाकरमान्याला आपल्या घरी पालखी येईल तेव्हा दारात उभं राहायचं असतं, पण ती कधी येईल हे आधी धड कळत नाही. रजा सोमवारची काढावी तर पालखी बुधवारी येते. गावातल्या दुकानातल्या फोनवर मग मुंबईहून इतके फोन येतात की दुकानदार फाल्गुन लागला की रिसीव्हर काढून ठेवतो. मंडळाला असं काहीतरी हवं होतं की मुंबईत बसून आपल्या घराचं नाव टाकलं की पालखीचा दिवस आणि वेळ दिसावी. आधी सात घरांचा नमुना करायचा. शिमग्याच्या आधीच्या रविवारी देवळात सभा होती, तिथं तो दाखवायचा. पसंत पडला तर गावातल्या साऱ्या वाडीवस्त्यांचं काम, आणि दर वर्षी ते सांभाळणं सरांकडे.

"हे धड काम झालं," सर बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "फॉक्सप्रोमध्ये करू."

"सर, आपलं फॉक्सप्रो ब्राउझरमध्ये चालत नाही."

"चालवून बघितलंस?"

"नाही."

"मग?"

संदेशनं मुलुंडला नोकरी केली होती, त्यामुळे वरिष्ठांपुढे कधी थांबायचं हे त्याला ठाऊक होतं. सरांनी दोन दिवस फॉक्सप्रो चालवून बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुमचा ब्राउझर कमी पडतो. बोल, तुझं काय?"

संदेशनं एका संगणक मासिकाबरोबर आलेली सीडी काढली. तिच्यात पीएचपी ही भाषा होती आणि माहिती साठवायला मायएसक्यूएल.

"केवढ्याला?"

"फुकट."

"फुकट म्हणजे कुठंतरी पाणी मुरत असणार."

"यात सगळं उघडं असतं सर. कोणीही आतला कोड वाचू शकतो."

हे मात्र सरांना भावलं. उघडं म्हणजे तपासता येतं. सीडीवरचा एक नमुना प्रोग्रॅम त्यांनी उघडला, चष्मा वर करून पडद्याजवळ गेले आणि बराच वेळ बघत राहिले. प्रोग्रॅम काय करतो याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ओळी समासात होत्या, पोटओळी सारख्या आत सरकलेल्या होत्या, आणि एका ओळीत एकच काम होतं.

"कुणी लिहिलाय माहीत नाही," ते म्हणाले, "पण कुठंतरी रीतसर शिकलेला आहे. हीच भाषा घेऊ."

जगात ही भाषा ज्यांनी ज्यांनी निवडली असेल त्यांच्यापैकी समासावरून निवडणारा माणूस बहुधा एकच. कोड कशात लिहायचा हे त्याहून लवकर ठरलं. संदेशला शब्द वेगवेगळ्या रंगांत दाखवणारा एडिटर हवा होता. "शब्दांना रंग कशाला? शिमगा आहे म्हणून?" सरांनी विचारलं आणि साध्या नोटपॅडवर शिक्कामोर्तब झालं.

मग सरांनी शैलीला हात घातला.

कोड कसा लिहावा याचे नियम त्यांनी उरलेल्या एकमेव टाइपरायटरवर टाइप केले, लॅमिनेट करून आणले आणि भिंतीवर टांगले. पोटओळ आत घ्यायला टॅब दाबायचा नाही, स्पेसच द्यायच्या. "टॅबची खूण प्रत्येक मशीनवर निराळ्या ठिकाणी असते. स्पेसबार सगळीकडे सारखा." मुलुंडच्या कंपनीत याच मुद्द्यावर सहा प्रोग्रॅमर महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते, आणि सरांनी तो टायपिंगच्या पहिल्या धड्यावरून निकालात काढला, हे बघून संदेशला जरा गंमत वाटली. महिरपी कंसाला स्वतंत्र ओळ. प्रत्येक कामाच्या डोक्यावर ते काय करतं याचं एक वाक्य, आणि वाक्याच्या शेवटी पूर्णविराम. नावं पूर्ण आणि अर्थाची.

"हे 'टेम्प' कोण?" सरांनी एका दुपारी बोट ठेवलं.

"तात्पुरतं आहे सर. काम झालं की टाकून देतो."

"तात्पुरत्या माणसालाही नाव असतं, मेल्या. लिही, 'तात्पुरती वेळ'."

रोज संध्याकाळी दिवसभराचा कोड तपासला जाई. पद्धत टायपिंग परीक्षेच्या पेपरांची. छापलेला कागद काकूंनी मोठ्यानं वाचायचा, सरांनी पडद्यावर बोट फिरवायचं. काकू प्रत्येक चिन्ह उच्चारत, एका लयीत, न थांबता: "डॉलर घर, बरोबर, अवतरण उघडा, अवतरण मिटा, अर्धविराम. जर, कंस उघडा, डॉलर घर..." दुसऱ्या बरणीची चौकशी करायला आलेल्या दमयंतीबाई एकदा दारात चपला काढून, पदर सावरून पाठ संपेपर्यंत उभ्या राहिल्या. प्रसाद मिळाला नाही म्हणून खट्टू होऊन गेल्या, पण बरणी नेली.

भिंतीवरचा शेवटचा नियम असा होता: 'यादी अकारविल्हे असावी. अपवाद नाही.'

इथं संदेश अडखळला. सात घरांची नावं त्यानं घातली होती ती सुचतील तशी. सरांनी ती वर्णानुक्रमानं लावायला सांगितली आणि वेळाही त्याच क्रमानं द्यायला सांगितल्या. पालखी नऊला निघणार, घरागणिक अर्धा तास.

"सर, आमच्याकडे पालखीला मान असतो. आधी कुणाचं घर, मग कुणाचं..."

"मान सभेत असतो. यादीत क्रम असतो. मी वीस वर्षं परीक्षेच्या बैठका लावल्यात. कलेक्टरचा मुलगा असो की शिपायाचा, अकारविल्हे बसवला. एक तक्रार नाही आली."

"पण सर, पहिलं आग्रे येतं."

"मग? आग्रे वाईट माणसं आहेत?"

 शेवटी हा नमुना आहे, वेळा खोट्याच आहेत, असं संदेशनं स्वतःला समजावलं. मुलुंडला त्यानं असे शेकडो खोटे नमुने केले होते. त्यात आडनावंही खोटी असत, एवढाच काय तो फरक.

रविवारी सकाळी रिक्षा केली. मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेला मॉनिटर उमाकाकूंच्या मांडीवर, शेजारी संदेश सीपीयू पोटाशी धरून, आणि पुढे रिक्षावाल्याच्या बाजूला सर यूपीएस घेऊन. दर गतिरोधकाला सर मागे वळून विचारत, "मशीन ठीक?" चौथ्या वेळी काकू म्हणाल्या, "मशीन ठीक. माझी विचारपूस करायची असली तर तीही करा."

आंबेकोंडच्या देवळात मंडळाचे मुंबईकर आणि गावकरी मिळून सभामंडप भरला होता. पुढच्या रांगेत मंडळाचे गावातले अध्यक्ष महिपत कळंबटे बसले होते. ते संदेशचे चुलते. पालखीचा पहिला मान आपल्या घराचा, असं ते धरून चालत. मधे हातभर जागा सोडून रामा आग्रे बसले होते. आग्र्यांचं म्हणणं, पालखी ज्या फणसाच्या लाकडाची आहे तो फणस आमच्या परड्यातला, तेव्हा पहिला मान आमचा. कळंबट्यांचं म्हणणं, फणस तुमचा असेल, मुळं आमच्या हद्दीत होती. फणस तोडला तेव्हा या दोघांचे आजोबा लहान होते. सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. संदेशला सगळं ठाऊक होतं, आणि संगणक जोडताना तो एकेक वायर उगाच दोनदा तपासत होता.

"इंटरनेट कुठाय?" एका मुंबईकरानं विचारलं.

"नमुन्यापुरतं इथल्या इथंच चालवतोय," संदेश म्हणाला.

"म्हंजे रंगीत तालीम," रामा आग्रे समजून घेत म्हणाले.

पडदा उजळला. वर ग्रामदेवतेचा फोटो, खाली 'पालखीचे वेळापत्रक' आणि सात नावं. सभामंडपात समाधानाचा हुंकार उठला. मुंबईकरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी छाती भरून श्वास घेतला आणि पुणे मनातल्या मनात सातव्या मजल्यावरून खाली ढकललं.

महिपतरावांनी कोटाच्या खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला.

"संदेश. पयला कोन?"

संदेशनं माउस पुसायला घेतला. शाळेत जाणाऱ्या कुणीतरी मागून मोठ्यानं वाचलं, "आग्रे, सकाळी नऊ. कळंबटे, साडेनऊ."

 मग रामा आग्रे उठून उभे राहिले, पडद्याकडे बघून त्यांनी हात जोडले आणि सभेला म्हणाले, "बगा. आमी सांगत व्हतो तवा कोन ऐकत न्हवता. आता मशीननं सांगितलान."

पुढचा बराच वेळ कोण काय बोलत होतं हे वेगळं काढता येण्याजोगं नव्हतं. फणस निघाला, मुळं निघाली, कुणाच्या तरी लग्नात न वाढलेलं जेवण निघालं. सर मधे उभे राहून सांगत होते, "हा अकारविल्हे क्रम आहे! आ आधी येतो, क नंतर येतो!"

"आ आधी कोणी ठेवलान?" महिपतरावांनी गरजून विचारलं.



"मामा, आपण दुसऱ्या नंबरावर आहोत, शेवटी नाही," एका मुंबईकरानं समजूत घालून बघितली.

"शेवटी टाकलं असतं तर चुकून पडलं म्हटलं असतं," महिपतराव म्हणाले. "दुसरा म्हंजे मुद्दाम."

सरांनी मग सरळ विचारलं, "ठीक आहे. खरा क्रम सांगा. आत्ता बदलून देतो."

आणि सभा एकदम गप्प झाली. सरांना वाटलं, आपण सुटलो. पण गप्प होण्याचं कारण दुसरं होतं. खरा क्रम आजवर कुणी कुठं लिहिलेला नव्हता. दर शिमग्याला पालखी सहाणेवरून, म्हणजे ती टेकवायच्या चौथऱ्यावरून, उठायच्या आधी त्यावर भांडण व्हायचं, दुपार होईस्तोवर ते चालायचं, मग देवळातला पुजारी विठू गुरव ढोलवाल्यांना डोळ्यानं काहीतरी खुणावायचा आणि पालखी चालू लागायची. आपल्याला हवा तो मान आपल्याकडेच आहे असं धरून प्रत्येक जण मागोमाग जायचा. एकदा का हे पडद्यावर लिहिलं की कुणाचं तरी कायमचं खाली जाणार. आणि भांडण कायमचं संपणार, ते वेगळंच.

"विठू, तूच सांग," कुणीतरी म्हणालं.

विठू गुरव खांबाला टेकून बसला होता. "मी न्हाय."

"मग देवाला कौल लाव."

"असल्या कामाला देवाला मदी घालू नगा," विठू म्हणाला. "त्याला हितंच ऱ्हायचं हाय."

महिपतराव उठले. "हे काम न्हाय व्हनार. मशीन घेऊन जावा, मास्तर."

सरांना त्या क्षणी आर्याच्या फ्लॅटमधली हवेशीर खोली दिसली. लिफ्ट दिसली. नोटीस बोर्ड दिसला. ते उमाकाकूंकडे वळले. काकू मॉनिटरची गोधडी घडी करत होत्या, आणि घडी करता करता सहज म्हणाल्या, "टायपिंगचा निकाल लागायचा तेव्हा पोरांना तुम्ही सगळी यादी कधी दाखवलीत?"

सर जागच्या जागी थांबले. संस्थेत निकाल लागला की ते एकेका मुलाला आत बोलवत, त्याचा नंबर विचारत आणि त्याचेच गुण सांगत. दुसऱ्याचे गुण विचारणाऱ्याला पट्टी बसे.

"थांबा!" सर ओरडले. "बसा सगळे. यादी दिसणारच नाही. ज्यानं त्यानं आपल्या घराचं नाव टाकायचं, आपला परवलीचा शब्द टाकायचा, आपली वेळ बघायची. शेजाऱ्याची दिसणार नाही. खऱ्या वेळा विठू गुरव भरील. त्या त्याला आणि देवाला माहीत."

सभेनं हे चघळून बघितलं. रामा आग्रे बसले. महिपतराव बसले नाहीत, पण निघालेही नाहीत. "करून दाखवा," ते म्हणाले.

"संदेश, किती बदल?"

संदेश पडद्यापुढे बसला. मुलुंडच्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये हे करायचं तर यादी कुठून येते हे शोधण्यातच संध्याकाळ गेली असती. इथं प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर पूर्णविरामासकट लिहिलेलं होतं: 'हे काम सर्व घरांची यादी दाखवते.' 'हे काम एका घराची वेळ शोधते.' पहिलं काढायचं आणि दुसरं पुढे आणायचं.

"थोडाच, सर," तो म्हणाला, आणि वीज गेली.

भारनियमन रविवारी नसतं असं सगळे धरून चालले होते. यूपीएस टीं टीं करू लागला. त्याची बॅटरी संगणकाइतकीच जुनी होती.

"उमा, वाच!" सर म्हणाले.

काकूंनी पिशवीतून छापील कागद काढले आणि दाराशी उजेडात उभ्या राहून सुरू केलं. सर सांगत, हे गाळ, हे पुढे घे. काकू वाचत, संदेश टाइप करत होता. "जर, कंस उघडा, डॉलर घराचे नाव, बरोबर, बरोबर..." यूपीएसची टीं टीं जलद झाली तशी काकूंची लयही जलद झाली. मागच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले.

"आता मंतर चालू झालान," रामा आग्रे पुटपुटले.

"झालं!" संदेश म्हणाला. "महिपतकाका, या."

महिपतरावांनी एका बोटानं घराचं नाव टाकलं, इकडेतिकडे बघून हाताच्या आडोशानं स्वतःच ठरवलेला परवलीचा शब्द टाकला. पडद्यावर उमटलं: 'आपल्या घरी पालखी सकाळी नऊ वाजता येईल.' त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि मिशीवरून हात फिरवत जागेवर गेले. मग रामा आग्रे आले. त्यांनीही आडोसा केला. वाचलं. तेही मिशीवर हात फिरवत परतले.

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून सरांना शंका आली. आग्र्यांनी पडदा सोडल्याबरोबर ते वाकून बघू लागले. 'सकाळी नऊ.' महिपतरावांची वेळही नऊचीच असल्याशिवाय ते मिशीवर हात फिरवत परतले नसते. घाईत संदेशनं पुढच्या घरांची अर्धा अर्धा तास पुढे सरकणारी ओळ यादीबरोबरच गाळली होती. सातही घरांना पालखी नऊलाच जात होती.

"संदेश, अरे यात चूक..." सरांनी तोंड उघडलं. उमाकाकूंनी शांतपणे त्यांच्या पायावर पाय दिला आणि वजन टाकलं.

त्याच वेळी यूपीएसनं मान टाकली आणि पडदा काळा झाला.

कुणीही शेजाऱ्याला त्याची वेळ विचारली नाही. विचारणं म्हणजे आपल्या मानाबद्दल आपल्यालाच शंका असणं. महिपतरावांनी घसा साफ करून ठराव मांडला, की काम मास्तरांना द्यावं. अनुमोदन रामा आग्रे यांनी दिलं. आंबेकोंडच्या इतिहासात या दोन घरांनी एकमेकांना अनुमोदन दिल्याची ही पहिलीच वेळ, असं मुंबईकर परतीच्या गाडीत बोलत होते.

शिमग्याला पालखी सहाणेवरून नेहमीप्रमाणेच दुपारी उठली, नेहमीप्रमाणेच भांडून. विठू गुरवानं भरलेल्या वेळा घराघराला दिसल्या आणि बऱ्याचशा खऱ्याही ठरल्या. मुंबईकरांच्या रजा त्या वर्षी फारशा वाया गेल्या नाहीत. आग्र्यांकडे पालखी केव्हा गेली आणि कळंबट्यांकडे केव्हा, हे आंबेकोंडला विचारलं तर दोन उत्तरं मिळतात.

क्लासच्या भिंतीवर लॅमिनेट केलेला नवा कागद लागला. शेवटच्या नियमाखाली एक नियम वाढला होता: 'नमुन्यात खऱ्या माणसांची नावे घालू नयेत. अपवाद नाही.' आणि खाली संदेशसाठी खास: 'गाळताना ओळी मोजाव्यात.' टाइपरायटरपुढे सकाळच्या वेळी विठू गुरव बसू लागला. त्याला वेळा भराव्या लागत, म्हणून टायपिंग शिकावं लागत होतं. सरांचा तो कित्येक महिन्यांतला पहिला टायपिंगचा विद्यार्थी. तो दोनच बोटं वापरायचा, आणि सर पट्टी घेऊन मागे उभे राहायचे. पण गुरवाच्या हातावर पट्टी मारावी की नाही हे त्यांचं अजून ठरलेलं नव्हतं.

उमाकाकू बरण्या परत गोळा करायला निघाल्या. दमयंतीबाईंनी दार उघडलं, तर दोन्ही बरण्यांत कैरीचं लोणचं घातलेलं.

"आता भरलेल्या बरण्या कशा देऊ?" दमयंतीबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही तर पुण्याला चाललावात ना?"

संध्याकाळी आर्याचा फोन आला. खोलीला नवे पडदे लावल्याचं तिनं सांगितलं.

"छान केलंस," काकू म्हणाल्या. "मे महिन्यात येतो आठ दिवस. आणि येताना मला तिकडून बरण्या घ्यायच्यात, बघून ठेव. इथल्या सगळ्या लोकांच्या घरी गेल्या." मग त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवून सरांकडे बघितलं. "चेअरमन विचारतायत, नोटीस लावायच्या आधी तुम्हाला दाखवली तर चालेल का."

"समास सोडलाय का, विचार," सर म्हणाले.